मुळं फुटली का?

शेजारीण गुलाबाची मलूल फांदी हातात घेऊन दारात आली, तशी आप्पांची कळी खुलली. झाडांचं दुखणं-खुपणं घेऊन सगळी गल्ली त्यांच्याकडेच यायची.

"तीन आठवडे झाले लावून, मुळंच फुटत नाहीत हो!"

"उपटून बघता की काय?"

"रोज सकाळी. राहवतच नाही ना!"

"अहो, मग ती बिचारी रुजणार कधी? लावायची, पाणी घालायचं आणि तिच्या वाटेला जायचं नाही. जरा भरवसा ठेवा!"

शेजारीण खजील होऊन गेली. आप्पांनी हाताची माती झटकली आणि आठवड्यापूर्वीच परगावी नोकरीला गेलेल्या लेकीला सकाळपासूनचा चौथा फोन लावला.

"काय गं, रमलीस का तिथे?"

"रमतच होते आप्पा, तेवढ्यात तुमचा फोन आला."