अठरा डेसिबल

माझा नवरा केयूर नोकरी सोडून घरून व्हिडिओ एडिटिंग करतो. कॉम्प्युटर त्याने स्वतःच जोडला. त्यातल्या पंख्यांसाठी जेवढी स्थळं पाहिली, तेवढी त्याने लग्नासाठीही पाहिली नव्हती. पातं मोठं हवं, म्हणजे हळू फिरूनही वारा पुरतो. खाली रबर हवं, म्हणजे कॅबिनेट थरथरत नाही. लुकलुकणारे दिवे तर नकोतच. तीन आठवडे तो पंख्यांचा आवाज मोजत होता आणि मी मिक्सर त्याला विचारून लावत होते.

शेवटी पंखे बसले.

"गार्गी, कान लावून बघ. येतंय काही ऐकू?"

"नाही रे."

"अठरा डेसिबल!" मुलगा झाल्यासारखा चेहरा.

शनिवारी गोरेगावच्या स्टुडिओचा व्हिडिओ त्याने पहाटेच तयार व्हायला लावला होता; सकाळी स्क्रीन बंद करून तो आंघोळीला गेला. सासूबाई केर काढत आल्या. स्क्रीन काळा, आवाज शून्य, खोलीत माणूस नाही आणि भिंतीवरचं बटण मात्र चालू. त्यांचा हात आपोआप गेला. पाच तासांचं काम वाया गेलं.

"आई, चालू होता तो!" केयूर टॉवेलवरच ओरडला.

"मला कसं कळणार? जरा घरघरतो तरी का मेला?"

संध्याकाळी केयूरने जुन्या कॉम्प्युटरचा पंखा काढून यात बसवला. आता अख्ख्या चारकोपला ऐकू जातं. सासूबाईंनी वर्षभरात पहिल्यांदाच त्याला टेबलावर चहा आणून दिला.

"आता कसं, काम करतोयस असं वाटतं. इतके दिवस नुसताच बसायचास."