अधिवास

नागपूरच्या उन्हाला कंटाळून आत्या आमच्या पिपलानीच्या क्वार्टरमध्ये आठ दिवसांसाठी आली, त्याला आता महिना झाला. "तुमच्या भोपाळात कसं गार वाटते बाप्पा!" असं म्हणत ती दिवसभर कूलरसमोर पडून असायची.

मी मध्य भारतातल्या जंगलांचं भाकीत करणारी मॉडेल्स बनवते. काल भाजी निवडताना आईने विचारलं, "पन्नास वर्षांनी कुठला प्राणी कुठे जाईल, हे तुला आत्ताच कसं गं कळतं?"

"आधी काय झालं, एवढ्यावरच आम्ही जात नाही, आई. कोण कशावर जगतं, ते कॉम्प्युटरला सांगायचं. पाणी, सावली, खाणं. मग त्यातलं एक काढून घेतलं, की कोण कुठे सरकेल ते दिसतं."

"आणि काढायचं कुठलं?"

"ज्याच्यावाचून त्याचं अजिबात चालत नाही, ते."

आज सकाळपासून कूलर नुसती गरम हवा फेकायला लागला. दुपारी आत्या बॅग भरून अशोका गार्डनला काकाकडे गेली. त्याच्याकडे एसी आहे. आई फाटकापर्यंत हळहळत गेली.



संध्याकाळी भात लावायला मी तांदळाचा डबा उघडला, तर आत कूलरचा पंप.