सात नंबरची बाटली

नळीतला निळा रंग आधी हिरवा झाला, मग पिवळा. पुष्पलताने नळी ज्योतीवरून बाजूला घेईपर्यंत तो विटेसारखा लालभडक होऊन तळाशी बसला.

चार पावलांवर उभे असलेले नत्थूजी एक पाऊल पुढं सरकले. मेडिकल कॉलेजच्या त्या प्रयोगशाळेत ते बावीस वर्षं अटेंडंट होते. लघवीच्या नमुन्यात साखर असली की असा लाल रंग येतो, हे त्यांना पुस्तक न उघडता ठाऊक होतं. आणि सात नंबरच्या बाटलीत आपण साखर टाकलेली नाही, हेही.

परीक्षेचे नमुने तेच तयार करायचे. वसतिगृहातल्या पोरांकडून लघवी आणायची. काही बाटल्यांत साखर मिसळायची, काहींत अंड्याचा पांढरा बलक, काही तशाच ठेवायच्या. आज सकाळी आणलेलं सहाव्या बाटलीतच सरलं. घंटा व्हायला दहा मिनिटं होती. सातवी त्यांनी संडासात जाऊन स्वतःच भरली आणि यादीत तिच्यापुढे लिहिलं: काही नाही.

बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांच्या, डॉ. उमाळ्यांच्या हातात आता तीच यादी होती.

"साखर?" त्यांनी पुष्पलताच्या कागदावर बोट ठेवलं. "सातमध्ये काही टाकलेलंच नाही."

"सर, लाल रंग आला."

"नळी घाण असेल. पुन्हा करा."

नत्थूजींनीच दुसरी नळी दिली, स्वतः विसळून. पुष्पलताने निळं द्रावण ओतलं, वर मोजून आठ थेंब टाकले, नळी ज्योतीवर धरली. एप्रिलचं ऊन वाळ्याच्या ताट्यांतूनही आत येत होतं. निळंच राह्य, निळंच राह्य, असं नत्थूजी मनात म्हणत राहिले.

नळी लाल झाली.

"हे पाहा," उमाळे जरा मऊ आवाजात म्हणाले, "खोडा ते. नॉर्मल लिहा. मी काही पाहिलं नाही."

पुष्पलताने पेन उचललं. ती दुसऱ्यांदा बसली होती. गेल्या साली याच विषयात गेली, यंदा गेली तर कॉलेज सुटणार, हे नत्थूजींना माहीत होतं. खोड वं पोरी. तिने खोडलं की ती पास. आणि आपण कालच्यासारखेच. दिवाळीपासून तहान भागत नव्हती, पँट कमरेवर ठरत नव्हती. आधी ते म्हणाले थंडी बाधली, मग म्हणाले ऊन लागलं. थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. त्याचा पाय गुडघ्याखाली कापला, तेव्हा कुठं घरात साखरेच्या आजाराचं नाव निघालं.

पुष्पलताने पेन खाली ठेवलं.

"रंग लाल आलाय, सर. मी निळा कसा लिहू?" तिचा आवाज फाटला.

"मग नापास व्हा." उमाळ्यांनी कागद ओढून घेतला.

"साहेब."

सगळी प्रयोगशाळा वळून पाहू लागली. परीक्षा सुरू असताना नत्थूजी कधी बोलले नव्हते.

"साहेब, त्या बाईनं बरोबर लिवलं. सातवी म्या भरली. हॉस्टेलवरचं सरलं होतं." ते थांबले. "ते माह्यं हाय."

उमाळ्यांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. सैल शर्ट, वर आलेली गालाची हाडं.

"सकाळी काय खाल्लं होतं?"

"काहीच नाही जी. परीक्षा होती, तसाच आलो."

"उपाशीपोटी एवढी साखर," उमाळे पुटपुटले. त्यांनी यादीतलं 'काही नाही' खोडलं, त्यावर 'साखर' लिहिलं आणि पुष्पलताला म्हणाले, "तोंडी परीक्षा. इन्सुलिन. रचना आणि कार्य."

ती पाठ केलेल्या इंग्रजीत सुरू झाली. अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या, एकीत एकवीस, दुसरीत तीस. तिथंच अडली आणि नत्थूजींकडे वळली.

"नत्थूजी, जठराच्या मागं एक ग्रंथी असते, ते हे बनवते. दोन साखळ्या, एकमेकीले गंधकानं बांधलेल्या. त्यांची घडी नीट पडली तरच ते पेशीवर बसते, अन् मंग रक्तातली साखर आत जाते. तुमच्यात ते कमी पडून राहिलं, नाही तर असूनही काम करून नाही राहिलं. म्हणून साखर रक्तातच फिरते, लघवीतून निंघून जाते. तुम्ही जेवता, पण अंगाले लागत नाही."

"अन् पाय?" नत्थूजींनी विचारलं. "भावाचा कापला. पाय जाईन का माहा?"

"भावाचं उशिरा कळलं असन. तुमचं आज कळलं. आत्ता परीक्षा झाली का ओपीडीत जाऊ. सुई लागन का गोळ्या, ते तिथले डॉक्टर सांगतीन."

उमाळ्यांनी तिला इंग्रजीत बोला म्हटलं नाही.

नत्थूजींनी दोन्ही तळवे खाकी पँटला पुसले.

"पुन्हा एकडाव सांगा, बाई. हळू सांगा. घरी बायकोले, वच्छलाले सांगा लागन."