अडलेले शब्द

इंग्रजी सुधारावं म्हणून निवृत्त कारकुनाने एक जुनी, गाजलेली कादंबरी वाचायला घेतली होती. ओळीओळीला शब्द अडायचा, की शब्दकोश उघडायचा. तो मोठ्याने अर्थ सांगायचा. ऐकणाऱ्या बायकोचा जीव मात्र कादंबरीतल्या, घरातून पळालेल्या पोरीत अडकला होता. आज इस्पितळातल्या खाटेवरून ती थकल्या आवाजात म्हणाली, “अहो, तुमच्या या गोगलगायीच्या चालीला माझं आयुष्य पुरायचं नाही. उद्या ऑपरेशन आहे. पोरगी घरी परतते का, तेवढं सांगा.” त्याने शब्दकोश बाजूला ठेवून शेवटचं पान काढलं. नवल म्हणजे एकही शब्द अडला नाही. पोरगी परतताना वाटेतच मेली होती. त्याने चष्मा पुसला. “पोचली गं. आई दारातच उभी होती.” “रागावली नाही?” “छे! आधी जेवायला वाढलं.” बायकोने हसून डोळे मिटले. “बघा, आलं की नाही तुम्हाला इंग्रजी!”