चिमणीचं वजन

"आई, आता तरी खरं सांग. कोण खायला घालतंय हिला?"

काटेवाले वजनकाट्यावरून खाली न उतरताच विचारत होते. शेजारी त्यांच्या मांडीला अंग टेकून चिमणी उभी होती. चिमणी म्हणजे वासराएवढी कुत्री. आणली तेव्हा ओंजळीत मावायची, म्हणून हे नाव. पुढे ती वाढली, नाव तेवढंच राहिलं. काट्याचा आकडा मात्र चार महिन्यांत तसूभर हलला नव्हता. एकशे बत्तीस. त्यातून काटेवाल्यांचे सत्तर वजा केले की चिमणी बासष्ट. पहिल्या दिवशी बासष्ट, आजही बासष्ट.

काटेवाल्यांचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं. गावभरचे तराजू त्यांच्याकडे दुरुस्तीला येत आणि त्यांचा हात लागलेला काटा केसभर चुकत नसे. पोती जोखायचा हा मोठा काटा तर त्यांनी स्वतः जुळवलेला. रोज सकाळी ते त्यावर पितळी वजनं ठेवून बघत, मगच चहा घेत. चिमणी त्यावर एकटी चढत नसे. पायाखालची फळी हलली की एवढं धूड थरथर कापायचं. म्हणून दोघं जोडीनं चढत.

"एवढ्या मोठ्या जातीला जास्तीचं वजन म्हणजे सांध्यांवर घाला," जनावरांच्या डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. "आठेक किलो उतरवा. नाहीतर उतारवयात तिला उठता येणार नाही."

काटेवाल्यांनी ते फारच मनावर घेतलं. त्यांचा चिमणीवर जीव होता. बोलून दाखवत नसत, पण ती धापा टाकत जिना चढली की कळ यांच्या गुडघ्यात यायची. त्यांनी तिचं खाणं मापून द्यायला सुरुवात केली. घरातलं उरलंसुरलं आजवर तिच्या वाडग्यात जायचं, ते साफ बंद. टाकून द्यावं तर अन्नाची नासाडी, ठेवून द्यावं तर घरात दोन मऊ मनाच्या बायका. मग जेवणं झाली की काटेवाले स्वतः ओट्याशी उभे राहत आणि एकेक भांडं चाटूनपुसून रिकामं करत. पहारा म्हणजे पहारा. चिमणीच्या अंगालाही ते हात लावेनासे झाले. हात लावला की मन विरघळायचं.

तरी आकडा ढिम्म. काटेवाल्यांचा संशय आधी बायकोवर गेला. तिनं गळ्याची शपथ घेतली. मग तो आईवर गेला. आई रागानं अर्ध्या ताटावरून उठली. ते अर्धं ताटही काटेवाल्यांनीच संपवलं.

शेवटी त्यांनी ठरवलं. उद्या सकाळी चिमणीला न्यायला गाडी येणार होती. गावाबाहेर कुत्र्यांची शाळा होती, तिथला मास्तर कडक. महिनाभर तिथं राहिली की आपोआप उतरेल. बायको सकाळपासून चिमणीचं पांघरूण घेऊन बसली होती. घडी घालत होती, मोडत होती.

"काटा खोटं बोलत नाही, आई," काटेवाले म्हणाले. "माणसं बोलतात."

आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. या वयात तिला चोर ठरवलं होतं, तेही पोटच्या पोरानं.

तेवढ्यात डॉक्टरबाई दारात आल्या. जाण्याआधी चिमणीला एकदा तपासा, म्हणून काटेवाल्यांनीच बोलावलं होतं. चिमणीनं काट्यावरून उडी मारली आणि आनंदानं शेपटी हलवत स्क्रूंचा डबा उलटा केला. डॉक्टरबाईंनी काट्याकडे बघितलंही नाही. त्या सरळ जमिनीवर बसल्या आणि चिमणीच्या कुशीवरून हात फिरवू लागल्या.

"वा! सुरेख उतरवलंत की वजन!"

काटेवाल्यांना वाटलं, बाई चेष्टा करताहेत. "अहो, कुठलं? बासष्टच आहे."

"हात द्या इकडे." त्यांनी काटेवाल्यांचा तळवा चिमणीच्या छातीवर टेकवला. "काय लागतंय?"

"बरगड्या."

"न दाबता लागल्या ना? चार महिन्यांपूर्वी इथं नुसती गादी होती. आता वरून बघा, कंबर दिसतेय. आणखी उतरवलंत तर भांडण होईल आपलं. माझ्या अंदाजानं ही चोपन्नच्या वर नाही."

काटेवाल्यांनी पुन्हा हात फिरवला. बरगड्या होत्या. चिमणीनं डोळे मिटून त्यांच्या खांद्यावर मान टाकली, आणि काटेवाल्यांना भरून आलं.

"मग काटा...?"

"काट्याला नावं ठेवायची नाहीत," आई पदरानं डोळे पुसत म्हणाली. "माझ्या पोरानं जुळवलाय तो. तू जरा एकटा उभा राहा बघू त्यावर."

"माझं वजन मला पाठ आहे. सत्तर."

"कधीपासून?" बायकोनं विचारलं.

"दुकान उघडलं तेव्हापासून."

"अहो, तेव्हा आपलं लग्नसुद्धा झालं नव्हतं. चढा."

काटेवाले चढले. चढताना पट्ट्याचं बक्कल पोटात रुतलं, तसं ते हल्ली रोजच रुतत असे. चिमणी खाली बसून मोठ्या आस्थेनं बघत राहिली. सुई सत्तरपाशी आली, न थांबता पुढे गेली आणि अठ्ठ्याहत्तरवर जाऊन स्वस्थ उभी राहिली.

मग बायकोनं पांघरुणात तोंड लपवलं. तिचे खांदे हलत होते.

"उद्याची गाडी... नको म्हणून कळवतो," काटेवाले पुटपुटले.

"कळव," आई म्हणाली. "आठ किलो उतरले होते रे बाबा. फक्त घराबाहेर गेले नाहीत."