डब्यातले मॅक्रो

"बाई, हे 'शेपूची भाजी' काय आहे?" एका बटणात काम उरकणाऱ्या मॅक्रोंची यादी बघून सुव्रत चक्रावला.

"मॅक्रो केला त्या दिवशीचा डबा," आज निवृत्त होणाऱ्या दाबकेबाई म्हणाल्या. असे तीनशे मॅक्रो आता त्याच्या गळ्यात पडणार होते.

पोरखेळ नुसता! दुपारभर खपून त्याने सगळ्यांना शहाणी नावं दिली. मग हजेरीपत्रकाचं बटण दाबलं, तर कॉम्प्युटर ढिम्म.

"अरे, शेपूचा मॅक्रो भाकरीच्या मॅक्रोला नावानंच हाक मारतो. तू नावच बदललंस, आता ओ कोण देणार?"

त्याने जुनी नावं परत लावली.

संध्याकाळी त्याचा पहिला मॅक्रो तयार झाला, पण नावाशी बोटं अडली. डबा घरीच राहिला होता. बाईंनी आपल्या शेवटच्या डब्यातली अर्धी गुळपोळी पुढे केली.

सुव्रतने टाईप केलं: 'अर्धी गुळपोळी'.