हात लावायचा न्हाई

सह्याद्रीच्या माथ्यामाथ्याने महिनाभर चालायला निघालेली दीपमाला ही युसूफ वडगाव या गावची पहिलीच पोर, आणि हे तिची आई सुभद्राबाई पाणवठ्यावर भेटेल त्याला सांगत होती. उद्या निघायचं होतं. शेवटच्या सरावासाठी दीपमालाने पाठीवरची सॅक ज्वारीने गच्च भरली आणि ती सकाळी अंगणात उभी राहिली.

उसाच्या फडात मोळी कुणी एकट्याने डोक्यावर घेत नाही. शेजारचं माणूस हात लावतं, मगच ती उचलली जाते. पण दीपमालाने आईला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "हात लावायचा न्हाई. डोंगरात तू येणार हायस का?"

तरी रोज सॅक पाठीवर घेताना मागून अलगद आधार मिळायचा. आईला राहवत नाही, असं समजून दीपमाला गालात हसायची आणि मागे न बघता चालायला लागायची.

आजही तिने पट्ट्यांत हात घातले आणि सॅक कापसासारखी हलकी होऊन वर आली.

"माय, सोड की! लई दमाची हाय तुझी लेक."

"मी कुठं धरलीय?"

सुभद्राबाई समोर, घराच्या दारात उभी होती. हात पिठाने भरलेले होते. लेकीला तशी ताठ उभी बघून तिचा ऊर भरून आला. मग तिची नजर लेकीच्या खांद्यावरून मागे गेली. तिने लगबगीने डोक्यावर पदर घेतला, सासरे हयात असताना त्यांच्यासमोर घ्यायची तसा.

"सोडा आता," ती खालमानेने म्हणाली. "तिचं तिला उचलू द्या."

सॅक आणखी वर गेली. दीपमालाच्या टाचा जमिनीवरून सुटल्या.